टाकून दिलेल्या गिनी पिगची तब्येत : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमधले बहुतेक प्रश्न कुणीतरी सोडून दिलेल्या किंवा वाईट अवस्थेत सापडलेल्या गिनी पिगबद्दल आहेत. अशा प्राण्याचे वय, आधीचा आहार, आधीचे आजार, काहीच माहीत नसते. त्यात गिनी पिग हा शिकार होणारा प्राणी, त्यामुळे दुखणे लपवण्यात तो पटाईत असतो. चेहऱ्यावर आजार दिसू लागतो तेव्हा तो बराच पुढे गेलेला असतो. म्हणून खालच्या उत्तरांत वजनकाटा आणि लेंड्या यांचा उल्लेख वारंवार येईल. सर्वात आधी बोलतात ते हे दोनच साक्षीदार.

प्रश्न : खोक्यात घालून सोडून दिलेला एक गिनी पिग आम्ही घरी आणला आहे. तो कोपऱ्यात दबून बसतो, पण आजारी वाटत नाही. डॉक्टरांकडे लगेच न्यावे का? तोवर घरी काय तपासता येईल?

ठणठणीत दिसत असला तरी दोन-तीन दिवसांत एकदा दाखवून आणाच. गिनी पिग आणि ससे नेहमी पाहणारे पशुवैद्य मिळाले तर उत्तम. फक्त कुत्री-मांजरे पाहणाऱ्यांना या प्राण्याच्या औषधांची पथ्ये माहीत असतीलच असे नाही. पुढच्यापैकी काही दिसले तर मात्र त्याच दिवशी न्या : खाणे बंद, लेंड्या बंद, तोंड उघडे ठेवून श्वास, एका कुशीवर पडून राहणे, लघवीत रक्त, पातळ जुलाब.

पहिल्या दिवशी शांत खोली, लपायला एक आडोसा, हवे तेवढे सुके गवत आणि पाणी एवढे पुरे. पाण्याची बाटली लावा, पण शेजारी उथळ वाटीही ठेवा. नळीला तोंड लावून प्यायची सवय त्याला असेलच असे नाही. खोलीचे तापमान १८ ते २४ अंश सेल्सिअसच्या आसपास असावे. २७-२८च्या पुढे पारा गेला की या प्राण्याला उष्माघाताचा धोका सुरू होतो.

मग वजन. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, त्यावर खोलगट भांडे ठेवून शून्य करा आणि प्राणी आत बसवा. रोज एकाच वेळी, शक्यतो सकाळी भाजी देण्याआधी, आणि आकडा लिहूनच ठेवा. पहिले दोन आठवडे रोज, पुढे आठवड्यातून एकदा. पूर्ण वाढलेल्याचे वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असते. पोट आणि मूत्राशय भरलेले की रिकामे यावरून ३०-४० ग्रॅमचा फरक सहज पडतो, त्याने घाबरू नका. आकडा सलग तीन-चार दिवस उतरत राहिला तर सावध व्हा. दहा टक्के घट म्हणजे डॉक्टर. ९०० ग्रॅमचा प्राणी ८१० वर आला, तर तो कितीही चुणचुणीत दिसो, थांबू नका.

अंग तपासताना तुम्ही जमिनीवर बसा आणि त्याला मांडीवर टॉवेलवर घ्या. टेबलावर ठेवले की तो उडी मारतो आणि हाड मोडते. नाकापासून सुरुवात करा. नाकपुड्या कोरड्या हव्यात. डोळे चकचकीत हवेत, कडेला खपली नको. पुढचे दात पांढरे आणि सरळ हवेत. हनुवटी ओली असेल तर दाढांवर संशय घ्या. जबड्याखाली बोटे फिरवा. तिथे गाठ लागली तर ते बहुधा लसिकाग्रंथीतले गळू असते, ते घरी दाबू नका आणि फोडू नका. कानांमागचा छोटा केसविरहित भाग जन्मजात असतो, तो आजार नाही. केस उलटे करून त्वचा पाहा, चारही तळवे पाहा, नखे वळून तळव्यात घुसली आहेत का तेही पाहा. नराच्या गुदद्वाराजवळच्या घडीत लेंड्यांचा गोळा अडकतो, वयस्करांत जास्त. तो कोमट पाण्याने मऊ करून काढावा लागतो. शेवटी प्राणी निवांत असताना श्वास मोजा : १५ सेकंद मोजून चारने गुणा. मिनिटाला ४० ते १०० ठीक. आकड्यापेक्षाही कुशी खोल आत-बाहेर होताहेत का, यावर जास्त लक्ष असू द्या.

घरात आधीचा गिनी पिग असेल तर नव्याला तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा. भांडी वेगळी, आणि रोजची कामे करताना नव्याकडे शेवटी जा. सशासोबत तर कधीच ठेवू नका. बॉर्डेटेला नावाचे जिवाणू सशाच्या नाकात निरुपद्रवी राहतात, गिनी पिगला मात्र त्यांनी न्यूमोनिया होतो.

प्रश्न : तीन दिवसांपूर्वी आणलेली मादी काल संध्याकाळपासून गवताला तोंड लावत नाही. लेंड्याही बारीक आणि मोजक्याच. नवी जागा म्हणून असेल का? एक-दोन दिवस वाट पाहावी का?

वाट अजिबात पाहू नका. हे पत्र छापून येईपर्यंत तुमच्या मादीचा प्रश्न निकाली लागलेला असेल, पण उत्तर सगळ्यांनीच लक्षात ठेवावे असे आहे. गिनी पिगचे आतडे सतत आत येणाऱ्या तंतुमय चाऱ्यावर चालते. चारा थांबला की आतड्याची हालचाल मंदावते, आतले जिवाणू बिघडतात, वायू धरतो. त्याने दुखते, आणि दुखते म्हणून तो आणखी खात नाही. दुसरीकडे अंगातली चरबी यकृतात साचू लागते. १२ तास काही खाल्ले नाही तर त्याच दिवशी डॉक्टर. २४ तास म्हणजे जिवावरचा प्रसंग. नव्या जागेला बुजलेला प्राणी लोक बघत असताना खात नाही, पण रात्रीतून गवत कमी होते आणि सकाळी लेंड्या दिसतात. तुमच्याकडे तसे झालेले नाही.

डॉक्टर गाठेपर्यंत काय करायचे ते पोट ठरवते. दोन्ही कुशींवर हलकेच बोटे ठेवा. पोट ढोलासारखे ताणलेले आणि टणक लागले तर काहीही भरवू नका, थेट निघा. गिनी पिगला उलटी होत नाही, वायू अडकला तर वर यायला वाट नसते. पोट मऊ असेल तर सिरिंजने भरवायला सुरुवात करा.

गवत खाणाऱ्या आजारी प्राण्यांसाठी तयार भुकटी मिळते, ती सर्वात चांगली. ती नसेल तर रोजच्या पेलेट्स (दाबून बनवलेल्या कोरड्या खाद्याच्या गोळ्या) एक भाग आणि कोमट पाणी दोन-तीन भाग घेऊन अर्धा तास भिजवा, घोटा, चाळणीतून गाळा. सिरिंज १ मिलिलिटरची, सुई अर्थातच काढलेली. मोठ्या सिरिंजमधून एकदम जास्त सुटते आणि श्वासनलिकेत जाते. प्राण्याला टॉवेलमध्ये गुंडाळून चारही पायांवर बसवा, उताणे कधीच करू नका. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये बाजूला मोकळी जागा असते, सिरिंजचे टोक तिथून आत घाला आणि एका वेळी ०.३ ते ०.५ मिलिलिटर सोडा. तो चावून गिळेपर्यंत थांबा. किलोभर वजनाला एका बैठकीत १० मिलिलिटरच्या आसपास, आणि दिवस-रात्र मिळून पाच ते सहा बैठका. मानेला झटका देऊन खोकला, तर लगेच थांबा.

भरवणे हा उपचार नव्हे. त्याने फक्त वेळ मिळतो. मूळ कारण शोधावेच लागते, आणि बऱ्याचदा ते तोंडात असते. गिनी पिगच्या तोंडात २० दात, आणि सगळेच आयुष्यभर वाढतात. गवत चघळताना ते झिजतात. गवताऐवजी फक्त पेलेट्स आणि मऊ खाद्यावर वाढलेल्या प्राण्याच्या खालच्या दाढा आतल्या बाजूला वाकत जिभेवर कमान धरतात. मग तो भुकेने खाण्याकडे धावतो, तुकडा उचलतो आणि टाकून देतो. हनुवटी लाळेने ओली राहते. पुढचे दात कापून आणले की काम झाले असे समजू नका. पुढचे दात लांब होणे हा बहुधा मागच्या बिघाडाचा परिणाम असतो. मागच्या दाढा नीट पाहायला आणि घासायला अनेकदा भूल लागते. भुलेच्या आधी त्याला रात्रभर उपाशी ठेवायचे नसते. कुणी तसे सांगितले तर कारण विचारा.

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. दुखणे कमी करायचे औषध डॉक्टर वजनावरून देतील, आणि ते आवर्जून मागा. दुखणे थांबल्याशिवाय आतडे चालू होत नाही.

प्रश्न : आणलेल्या नराच्या पाठीवरचे केस गेले आहेत, त्वचा पिवळट, जाड आणि खपल्यांची झाली आहे. खाजवताना किंचाळतो. काल हात लावताच अंग आखडून फिट आल्यासारखा थरथरला. कुत्र्याचे गोचिडांचे औषध घरात आहे, ते लावावे का?

ते औषध लावू नका. कुत्र्याची मात्रा काही किलोंच्या हिशोबाने असते, आणि त्यातली काही औषधे गिनी पिगला चालतच नाहीत.

तुम्ही लिहिलेली लक्षणे खरजेची आहेत. ट्रिक्सॅकॅरस कॅव्हिए नावाचा डोळ्यांना न दिसणारा किडा त्वचेच्या आत बोगदे करतो. फिटसारखे झटके त्या भयंकर खाजेमुळेच येतात. खाज शमली की तेही जातात. त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, पण किडा दर वेळी सापडतोच असे नाही. म्हणून लक्षणांवरूनही उपचार सुरू करतात. आयव्हरमेक्टिन किंवा सेलामेक्टिन वापरले जाते. आयव्हरमेक्टिनची मात्रा सहसा किलोला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम असते. एक टक्का द्रावणात मिलिलिटरला १० मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे किलोभराच्या प्राण्याला ०.४ मिलिग्रॅम द्यायचे तर ०.०४ मिलिलिटर. हा जेमतेम एक थेंब झाला. घरच्या घरी मोजताना दसपट चूक किती सहज होते हे यावरून कळेल. ते डॉक्टरांवरच सोपवा.

औषध अंड्यांवर चालत नाही, म्हणून ७ ते १४ दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा द्यावे लागते. पहिल्या मात्रेनंतर खाज कमी झाली की लोक पुढच्या टाळतात आणि महिन्याभरात सगळे परत येते. त्याच्यासोबत राहिलेल्या प्रत्येक गिनी पिगला औषध हवे, खाजवत नसला तरीही. पिंजऱ्यातले अंथरूण दर मात्रेला पूर्ण बदला, कापडी वस्तू गरम पाण्यात धुवा, लाकडी आडोसे टाकून द्या. आंघोळ घालू नका, विनाकारण हाताळू नका, मागच्या पायांची नखे मात्र कापून घ्या. तुमच्या हातांवर खाजऱ्या पुटकुळ्या आल्या तर नवल नाही. हा किडा माणसाच्या अंगावर फार काळ टिकत नाही.

केस गेले म्हणजे खरूजच असे नाही. नाक, डोळे, कान यांच्याभोवती गोल, कोंडा सुटणारे चट्टे दिसले आणि खाज बेताची असली तर नायटा समजा. तो माणसांना, विशेषतः मुलांना, पटकन लागतो. हातमोजे घाला आणि कुणाच्या अंगावर चट्टा उठला तर त्वचारोगतज्ज्ञांना घरातल्या प्राण्याबद्दल सांगा. केसांवर सरपटणारे बारीक फिकट जीव म्हणजे उवा, त्या माणसांवर येत नाहीत. आणि दीड-दोन वर्षांपुढच्या मादीच्या दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झाले, खाज नाही, कोंडा नाही, तर तो त्वचेचा आजारच नसतो. अंडाशयातल्या गाठींची ती खूण असते. तिथे सोनोग्राफी लागते.

प्रश्न : उचलले की ओरडतो, मागचे पाय ओढल्यासारखा चालतो. कुठून पडला असेल का?

पडलाही असेल, त्यामुळे एक्स-रे काढाच. दोन्ही मागचे पाय लुळे आणि लघवीवर ताबा नाही, असे असेल तर आजच. पण टाकून दिलेल्या प्राण्यात आधी संशय घ्यावा तो स्कर्व्हीचा, म्हणजे सी जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा. माणसाप्रमाणेच गिनी पिगच्या शरीरात सी जीवनसत्त्व तयार होत नाही. ते बनवणारे शेवटचे एन्झाइम त्याच्या यकृतात नसते. खाण्यातून आले नाही तर दोनेक आठवड्यांत लक्षणे दिसू लागतात : सांधे सुजतात आणि दुखतात, हिरड्यांतून रक्त येते, केस राठ होतात, जखमा भरत नाहीत.

निरोगी प्राण्याला रोज किलोला १० ते ३० मिलिग्रॅम लागते. कमतरता झाली असेल तर डॉक्टर ५० किंवा त्याहून जास्त देतात, सुरुवातीला इंजेक्शननेही. फरक साधारण आठवडाभरात जाणवतो. रोजच्यासाठी लाल ढोबळी मिरची सर्वात सोयीची. १०० ग्रॅममध्ये सुमारे १२५ मिलिग्रॅम, म्हणजे २० ग्रॅमच्या कापात दिवसाची सोय झाली. ज्याने हिरवा पाला कधी खाल्लाच नाही त्याला एकदम ढीग घालू नका, जुलाब होतील. दोन-तीन दिवसांना एक नवी भाजी, चिमूटभरापासून.

पाण्यात टाकायच्या थेंबांवर भरवसा ठेवू नका. पाण्यात सी जीवनसत्त्व तासागणिक नष्ट होते, आणि चव बदलली म्हणून प्राणी पाणीच कमी पितो, तो वेगळा तोटा. पेलेट्समधलेही टिकत नाही. पाकिटावरची तारीख पाहा, तयार होऊन तीन महिने उलटलेल्या पेलेट्समधले सी हिशोबात धरू नका. गोळी द्यायची तर फक्त सी असलेली, १०० मिलिग्रॅमच्या गोळीचा पाव भाग चुरून. मल्टिव्हिटॅमिन नको. त्यातले ए आणि डी शरीरात साठत जाते आणि अपाय करते.

प्रश्न : दोन दिवस शिंकतो आहे, नाक वाहते. घरात मुलाचे अमॉक्सिसिलिन शिल्लक आहे. थोडेसे दिले तर?

थोडेसेही नाही. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन आणि पेनिसिलिनची भावंडे, तसेच क्लिंडामायसिन, तोंडावाटे दिले तर गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम नावाचा घातक जिवाणू माजतो आणि त्याच्या विषाने काही दिवसांत प्राणी दगावतो. नाक बरे होते आणि जीव जातो. डॉक्टरांकडे त्याच्यासाठी सुरक्षित प्रतिजैविके असतात, एन्रोफ्लॉक्सॅसिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा. तीही ठरलेले दिवस पूर्ण द्यायची. औषध चालू असताना लेंड्या पातळ झाल्या तर लगेच कळवा.

धुळीच्या गवताने एखादी शिंक येते, तिची काळजी नको. पाइन किंवा सीडरच्या भुशाचे अंथरूण असेल तर बदला, त्यातल्या उग्र वासाच्या तेलांनी नाक चिडते. पण नाक वाहणे आणि सोबत मलूलपणा किंवा खाणे कमी, म्हणजे उपचार हवेत, आणि तेही लवकर. हा प्राणी नाकानेच श्वास घेतो. तो तोंडाने श्वास घेताना दिसला तर तासांचा प्रश्न आहे असे समजा.

प्रश्न : अंथरुणावर लालसर डाग दिसतात. रक्त आहे का?

पिंजऱ्यात पांढरे कापड अंथरा आणि ताजी लघवी पाहा. आधी साधी, नंतर हवेत सुकताना तांबूस झाली तर ती बहुधा रंगद्रव्ये असतात. बाहेर पडतानाच लाल असेल, किंवा लघवी करताना तो पाठ वाकवून कण्हत असेल, तर मूत्राशयातला खडा किंवा संसर्ग. मादीत गर्भाशयातूनही रक्त येते. लघवी तपासणीच्या पट्टीवर रक्त लगेच कळते. खडे बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचे असल्याने एक्स-रेत स्पष्ट दिसतात. ते औषधाने विरघळत नाहीत, शस्त्रक्रियेने काढतात. नर जोर लावतो आणि थेंबही पडत नाही, तर रात्र असली तरी निघा. पांढरी, गढूळ, सुकल्यावर पूड सोडणारी लघवी नेहमीचीच. ती वाळूसारखी खरखरीत लागली तर मात्र दाखवा. पूर्ण वाढलेल्याला लसूणघास नको, साधे गवत हवे.

प्रश्न : मादीचे वजन दर आठवड्याला वाढते आहे, पोट दोन्ही बाजूंना फुगले आहे. गाभण असेल का?

नरासोबत राहिलेली मादी गाभणच धरून चाला. मादी चार ते सहा आठवड्यांच्या वयातही गाभण राहू शकते आणि गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा असतो, त्यामुळे घरी आल्यावर दोन महिन्यांनीही पिल्ले होऊ शकतात. खात्री सोनोग्राफीने करा, पोट चाचपत बसू नका. नर लगेच वेगळा करा, कारण व्यायल्यानंतर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहते. पिल्लांतले नर तीन आठवड्यांचे झाले की आईपासून वेगळे.

सहा-आठ महिन्यांच्या आत पहिले बाळंतपण न झालेल्या मादीच्या कमरेची हाडे जुळून घट्ट झालेली असतात, पिल्लू अडकते. तुम्हाला तिचा इतिहास ठाऊक नाही, म्हणून शस्त्रक्रिया करू शकणाऱ्या डॉक्टरांचा नंबर आधीच हाताशी ठेवा. २० मिनिटे कळा देऊनही पिल्लू आले नाही तर निघा. शेवटच्या दोन आठवड्यांत खाणे सोडले तर तीही तातडीची बाब. अशा दिवसांत लसूणघास चालतो आणि सी जीवनसत्त्व दिवसाला किलोमागे ३० मिलिग्रॅमच्या आसपास हवे.

प्रश्न : चेहरा साफ करताना दोन्ही डोळ्यांतून पांढरा द्रव येतो. शिवाय तो स्वतःची विष्ठा खातो. हे आजार आहेत का?

दोन्ही नैसर्गिक. पांढरा द्रव तो तोंड धुण्यासाठीच वापरतो. विष्ठेतली मऊ गोळी थेट गुदद्वारातून उचलून खातो, त्यातून त्याला ब जीवनसत्त्वे मिळतात, अडवू नका. एकाच डोळ्यातून पाणी, डोळा अर्धा मिटलेला किंवा बुबुळावर निळसर ढग दिसला तर मात्र बहुधा गवताची काडी टोचलेली असते. स्टिरॉइड असलेले माणसांचे थेंब घालू नका, जखम आणखी खोल जाते.

प्रश्न : तळवे लाल झाले आहेत, एकावर खपली आहे.

तारेचा तळ, ओले अंथरूण आणि जास्त वजन, ही तीन कारणे. तार आजच झाका, वर मऊ कापड अंथरा आणि ओला भाग रोज दोनदा बदला. नुसता लालपणा असेल तर एवढ्याने आठवडाभरात उतार दिसतो. खपली किंवा सूज असेल तर जिवाणू आत गेलेले असतात आणि पुढे ते हाडापर्यंत पोचतात. खपली सोलू नका. डॉक्टर जखम साफ करून पट्टी, वेदनाशामक आणि गरज असेल तर प्रतिजैविक देतील. पट्टी ओली झाली की त्याच दिवशी बदलायची. बरे व्हायला आठवडे लागतात, कधी महिनेही. मध्येच पट्टी सोडायची नाही.